कढीतली गोळी

वाळूजच्या त्या पत्र्याच्या चाळीत बानाबाईच्या कढीचं नाव झालं होतं. ताक आंबून आंबून जिभेला झिणझिण्या आणणारं, त्यावर चिंचेचा कोळ, सढळ हातानं ठेचलेला लसूण आणि मिरची अशी की खाणाऱ्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी यावं. शेजारणी कृती विचारायच्या आणि बानाबाई हातचं न राखता सगळं सांगायची. फक्त लसणाच्या आधी खलबत्त्यात काय वाटलं जातं, तेवढं सांगायची नाही.

ती होती एक पांढरी गोळी. रोज संध्याकाळची, भारतची.

भारत तिचा एकुलता एक मुलगा. पाचोडच्या पलीकडच्या वाडीत त्यांची मेंढरं होती. दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू असताना भारतची झोप उडाली. आधी कुणाला काही वाटलं नाही. चारा नव्हता, पाणी नव्हतं, झोप तरी कुणाला लागत होती? पण मग भारतला टँकरच्या पाइपातून माणसं बोलताना ऐकू यायला लागली. ती त्याचं नाव घेऊन वाईटसाईट बोलायची. एक दिवस तो टँकरपुढं उभा राहिला आणि आतल्या माणसांना बाहेर काढल्याशिवाय हलणार नाही म्हणाला. कितीतरी दिवसांनी पाणी आलेलं, सगळ्या गावाच्या हातात रिकामे हंडे, आणि वाटेत हा. त्या दिवशी गावानं त्याच्या अंगाला हात लावला नाही, ही गावाची माणुसकीच म्हणायची.

बानाबाईच्या नवऱ्यानं, त्रिंबकनं, बिरोबाला जाऊन भंडारा उधळला. बानाबाईनं भारतला औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. दोघांनी आपापलं काम एकाच आठवड्यात उरकल्यामुळं गुण कशाचा आला, हा वाद पुढं कधी मिटलाच नाही.

मग निम्मी मेंढरं विकली, उरलेली कचरूच्या, म्हणजे त्रिंबकच्या पुतण्याच्या कळपात सोडली आणि दोन शेळ्या घेऊन तिघं वाळूजला आले. तिथं कंपन्यांच्या मागं शेतं मोडून प्लॉट पडत होते. काल जिथं बाजरी होती तिथं आज चुन्याच्या रेघा, आणि गावोगाव टँकरनं पाणी जात असताना इथं जलतरण तलाव असलेल्या सोसायटीची पाटी. अशाच एका बांधकामावर त्रिंबकला रात्रीच्या राखणीचं काम मिळालं. भारत एका गोदामात पोती उचलू लागला.

पहिले काही महिने त्यानं गोळ्या घेतल्या. मग एके दिवशी पाकीट गटारात टाकलं आणि पुन्हा तोंड लावणार नाही म्हणाला. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पाइपातली माणसं परत आली. डॉक्टरांनी औषध बदलून दिलं, पण नवं काय नि जुनं काय, भारत दातखिळी बसल्यासारखा ओठ मिटून बसायचा. तेव्हापासून बानाबाईच्या कढीला एवढा लसूण लागायला लागला.

आणि भारत सुधारला. झोपायला लागला, हसायला लागला, अंघोळ करताना शीळ घालायला लागला. चाळीतल्या पोरांना छाती ठोकून सांगायचा, गोळ्या सोडल्या तवा बरा झालो बघा. बानाबाई हे ऐकायची आणि लसूण सोलायची.

या सगळ्यात बिघडला तो त्रिंबक. वाळल्या गवतावर लांडग्याचं पाऊल पडलं तर उठून काठी घेणारा हा माणूस. पण शहरात आल्यापासून राखणीच्या खुर्चीत बसल्या बसल्या मान टाकायचा. एकदा चोरांनी त्याच्या शेजारून लोखंडी सळया उचलून नेल्या आणि जाताना त्याच्या अंगावर गोणपाट पांघरून गेले. मालकानं त्याला दिवसा गेट उघडायच्या कामावर टाकलं. त्रिंबक म्हणाला, झालं आपलं वय, आणि त्या दिवसापासून तो खरोखरच म्हाताऱ्यासारखा चालायला लागला.

दर आठवड्याला, छावणीच्या बाजाराच्या दिवशी, बानाबाई शेअर रिक्षात बसून शहरात जायची. घरी तिनं भजनी मंडळ लावलंय असं सांगितलं होतं. त्रिंबकला ते पटलं होतं, फक्त परसाद का आणत नाहीस असं तो विचारायला लागल्यावर तिला बाजारातून रेवड्या घ्याव्या लागायच्या. दोघं बापलेक त्या कपाळाला लावून खायचे.

मंडळ खरंच होतं, पण भजनाचं नव्हतं. छावणीत बिभीषण नावाचा शिंपी होता. जवानांच्या वर्द्या शिवायचा, खांद्यावरच्या फिती लावायचा. त्याच्या दुकानावरच्या खोलीत, हिरव्या चिंध्यांच्या ढिगाऱ्यात, ज्यांना मनाचा आजार आहे ती माणसं आणि त्यांच्या घरची माणसं जमायची. बिभीषणला स्वतःलाच तो आजार होता. वीसेक वर्षांपूर्वी तो रस्त्यावरून फिरत होता, आता मशीन चालवत होता, आणि रोज गोळी घेत होता. हे तो पाहुण्याला चहा विचारावा तितक्या सहज सांगायचा.

बानाबाईला तिथं आणलं साळूबाईनं. दवाखान्यातल्या औषधाच्या रांगेत दोघी पुढंमागं उभ्या होत्या. साळूबाई मोठ्या शेतीवाडीच्या घरची, मुलाच्या नोकरीमुळं शहरात आलेली. तिचे मालक नानासाहेब एकदा भरात आले तेव्हा निवडणूक नसताना गावोगाव प्रचार करून आले होते, आणि दोन गावांनी पाठिंबाही जाहीर केला होता. हे सांगताना साळूबाई हसता हसता डोळे पुसायची. नानासाहेब बैठकीत खिडकीपाशी पेपर वाचत बसायचे आणि म्हणायचे, "तीन गावं होती."

खोलीत एकच कायदा होता. न विचारता सल्ला द्यायचा नाही. द्यायचाच असेल तर आधी "सांगू का?" म्हणायचं, आणि समोरचा नको म्हणाला तर तोंड मिटायचं. जो मोडेल त्यानं खालून पाण्याची घागर वर आणायची. त्या वर्षी पाणी मिळणं अवघड होतं, पण त्या खोलीत ते कधी कमी पडलं नाही, कारण साळूबाई होती.

बानाबाई मात्र बहुतेक गप्प बसायची. भारत गोळ्या घेतो का, असं विषय निघून विचारलं गेलं, की ती म्हणायची, "घेतो की." आणि ते खोटं नव्हतं.

उन्हाळा तापला तसा कचरूचा फोन आला. नाथसागराचं पाणी मैल मैल मागं हटलं होतं, उघड्या पडलेल्या गाळात ओल होती आणि त्यावर हिरवं फुटलं होतं. कळप तिकडं उतरत होते. कचरूला माणूस हवा होता. पाऊस पडेपर्यंत भारतला पाठवा म्हणाला. भारत ते ऐकून बसल्या जागेवरून उठला. पोती उचलताना त्याचा चेहरा नेहमी भिंतीसारखा असायचा, तो एकदम उघडला. पुढच्या सोमवारी निघतो म्हणाला.

बानाबाईला आनंद झाला आणि त्याच क्षणी तिची नजर खलबत्त्याकडं गेली. पोरगा पाऊस पडेपर्यंत तिकडं राहणार, आणि कढी इथं. गोळी बंद झाल्यावर काय होतं, ते तिनं एकदा पाहिलं होतं. खरं सांगितलं, तर तो तिच्या हातचं पुन्हा कधी खाईल का? आईच्या हातचं खाणं सुटलेलं पोर कशाला धरून ठेवायचं, हे तिला माहीत नव्हतं.

तिनं दोन रात्री विचार केला आणि मेंढपाळाच्या बायकोला सुचेल तसंच तिला सुचलं. प्रवासाला टिकतं काय? चटणी. तिनं जवस भाजले, लाल मिरची, मीठ, लसूण घेतला, आणि सोमवारपर्यंतच्या कढीला एक पट्टी ठेवून घरात साठलेल्या बाकी सगळ्या गोळ्या त्यात कुटून बरणी भरली. रोज संध्याकाळी एक चमचा खा, असं बजावून सांगायचं ठरवलं. बाजाराच्या दिवशी ती बरणी घेऊनच छावणीला गेली. साळूबाईला जिन्नस टिकवण्यातलं कळायचं, आणि तेल किती सोडावं तेवढं तिला विचारायचं होतं.

साळूबाईनं बरणीचं फडकं सोडलं, वास घेतला, वा म्हणाली आणि बोट बुडवलं. ते बोट तोंडाशी पोचायच्या आत बानाबाईनं झडप घालून तिचं मनगट धरलं. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. नानासाहेबांनीही पेपर खाली घेतला.

"त्यात भारतची दवा हाय," बानाबाई म्हणाली.

मग सगळंच बाहेर आलं: खलबत्ता, कढी, लसूण, रेवड्या. सांगून झाल्यावर तिनं मान खाली घातली आणि आता आपल्याला घागर आणायला लावतील की जिना उतरून जायला सांगतील, याची वाट पाहत बसली.

बिभीषणनं काजाची सुई कापडात खोचली. "मावशी, सांगू का?"

"सांगा."

तो म्हणाला, त्याची आई चहात घालायची. त्याच्या आजारात त्याला एकच शंका होती, लोक आपल्याला विष घालतात. डॉक्टर म्हणायचे, हा भ्रम आहे. आणि एक दिवस त्याला कपाच्या तळाशी पांढरं दिसलं. "मी डॉक्टरला म्हणालो, तुम्ही म्हणता भ्रम, हा कप बघा. सगळ्या जगात त्या दिवशी माझंच खरं निघालं. लई वाईट दिवस होता." त्यानंतर कितीतरी महिने तो फक्त उकडलेली अंडी आणि केळी खाऊन राहिला, कारण त्यांच्यात कुणाला काही घालता येत नाही. पुढं त्याला वाटायला लागलं, केळ्यात सुईनं घालत असतील. मग नुसती अंडी. "कोंबडी कटात नाही एवढी खात्री होती," तो म्हणाला, आणि सगळे हसले, बानाबाईसुद्धा. आणि हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आईवर राग होता का?" तिनं विचारलं.

"गोळीचा नव्हता. मला कळू दिलं नाही त्याचा. तिनं स्वतः सांगितलं असतं, तर भांडलो असतो. पण मला शोधून काढावं लागलं."

मग त्यानं विचारलं, तळावर तुमची माणसं जेवतात कशी? बानाबाई म्हणाली, मेंढरामागं कुठली ताटं; एका परातीत भाकरी चुरायची आणि सगळ्यांनी हात घालायचे. म्हणजे चटणी कचरूच्याही पोटात जाणार, आणि कळपावर राखणीला कुणी जागं राहणार नाही, हे तिचं तिलाच बोलता बोलता कळलं.

"आणि घरी गं?" साळूबाई म्हणाली. कायद्यात बसत होतं. हा सल्ला नव्हता, प्रश्न होता.

"घरी बी तसंच. बापल्योक एका ताटात..."

बानाबाईचा हात तोंडावर गेला. कामावर जायच्या आधी जेवणारा त्रिंबक तिच्या डोळ्यांपुढं आला. भारतबरोबर एका ताटात भाकरी चुरणारा, कढी वाखाणत ओरपणारा त्रिंबक. खुर्चीत मान टाकलेला, चोरांनी गोणपाट पांघरलेला त्रिंबक. "अगं बाई," ती म्हणाली, "माझा म्हातारा म्हातारा नाय."

चटणीची बरणी दवाखान्यात परत द्यायची आणि डॉक्टरांना सगळं सांगायचं, हे त्याच बैठकीत ठरलं. भारतला सांगायचं की नाही, ते मात्र कुणी ठरवून दिलं नाही. बानाबाईनंच सांगते म्हटलं, आणि लगेच कसं सांगू असं विचारलं. तेव्हा तिथल्या रिवाजाप्रमाणं तालीम झाली. साळूबाई भारत झाली. पदर कमरेला खोचून तिनं पाय पसरले आणि असा रुसका चेहरा केला, की बानाबाईला खरंच राग आला.

"चुकलं माझं, पण तुझ्या भल्यासाठी..." बानाबाईनं सुरू केलं. बिभीषणनं लाकडी फूटपट्टी टेबलावर आपटली.

"माफीला 'पण' लावायचा नाही, मावशी. 'पण' लावला की माफी उसवते."

तिनं पुन्हा सुरू केलं. पुन्हा फूटपट्टी. एवढासा शब्द, पण तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी येऊन दार उघडून उभाच राहायचा. शेवटी एकदा तो आला नाही, तेव्हा साळूबाई भारत असल्याचं विसरून टाळ्या वाजवायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चूल पेटवायच्या आधी, बानाबाई चाळीमागच्या मोकळ्या जागेत गेली. भारत शेळ्यांपुढं पाला टाकत होता. त्रिंबक अजून उठला नव्हता. तिनं पदर सावरला आणि तालमीत बसवलेलं वाक्य बोलली.

"भारत, मी तुला न सांगता कढीत गोळी घालत व्हते. वरीसभर. चुकले मी."

भारतच्या हातातला पाला हातातच राहिला. शेळीनं तो ओढून घेतला.

"रोज?"

"रोज."

"म्या समद्यायला सांगत फिरलो, गोळ्या सोडल्या म्हून. आन तू तिथंच बसून ऐकत व्हतीस."

'पण' ओठांपर्यंत आला. तिनं तो गिळला. "व्हय."

"म्या का सोडल्या व्हत्या, ठावं हाय का?"

"नाय."

"जीभ जड व्हायची. शीळ निघत नव्हती. मेंढरू शिळंवर वळतं, माय, हाक मारून वळत न्हाई. मी शीळ घालाया जायचो आन नुसती थुंकी उडायची. एकानं बी इचारलं न्हाई, का रं सोडल्या."

तो निघून गेला. संध्याकाळी आला तो हातात कागदाची पुडी घेऊन. कोपऱ्यात बसला, पुडी सोडली आणि गाड्यावरची उकडलेली अंडी सोलायला लागला. बानाबाई भाकरी थापता थापता थांबली. बिभीषण शिंप्याला भारत कधी भेटला नव्हता. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळीही अंडीच. त्रिंबकला या भांडणाचं मूळ माहीत नव्हतं. एकट्यानं ताटावर बसणं त्याला सोसेना. साधी, बिनगोळीची कढी भाकरीवर ओतत तो म्हणाला, पोरा, आईवर रुसावं, अन्नावर रुसू नये. आणि मग आपलं उदाहरण दिलं.

"मी बी तीच कढी खातो. मला काय झालं का?"

बानाबाईला हे सहन होणं शक्यच नव्हतं. "तुमालाच झालंय," ती म्हणाली, आणि त्याच्या वाट्याची गोष्ट त्याला सांगितली, भजनी मंडळ खरं कशाचं तेही. 'पण' न लावता.

त्रिंबक घास हातात धरून ऐकत राहिला. त्याच्या डोक्यात एक एक गोष्ट जागेवर बसत गेली ती चेहऱ्यावर दिसत होती.

"सळया गेल्या, त्ये?"

"त्येच्यामुळंच."

"खुर्चीत झोपायचो, त्ये?"

"त्ये बी."

"आन तू परसाद आणायची?"

"बाजारातल्या रेवड्या."

"त्यात काय घातलं व्हतं?"

"तीळ आन साखर. दुसरं काय नाय, बिरोबाची आण."

त्रिंबक उठला. आता आकाशपाताळ एक करणार म्हणून बानाबाई मागं सरकली. पण तो नुसताच उभा राहिला, खांदे मागं घेऊन, मान ताठ करून. सबंध वर्षात तो असा उभा राहिला नव्हता.

"म्हंजी," तो सावकाश म्हणाला, "मी म्हातारा झालो नव्हतो?"

कोपऱ्यात भारतच्या घशात अंडं अडकलं. तो खोकला, ठसका लागला, डोळे भरले, आणि त्या ठसक्यातून हसू फुटलं. आधी एकट्याचं, मग आवरेना असं. "आबा, माझी निम्मी दवा तुमी खाल्ली," तो म्हणाला, "आन मी म्हणायचो, आबाला शहर मानवलं न्हाई." त्रिंबकनं रागवायचं ठरवलं होतं, पण पोराला असं हसताना त्यानं फार दिवसांत पाहिलं नव्हतं. तोही हसला. बानाबाई हसावं की नाही या विचारात परातीतलं पीठ उगाच मळत राहिली.

हसणं ओसरल्यावर भारत तिला म्हणाला, "दाखीव."

तिनं उरलेली एकुलती एक पट्टी आणली. त्यानं गोळी काढली, जिभेच्या टोकाला लावली आणि तोंड वाकडं केलं. "एवढी कडू? आन मी म्हणायचो, मायच्या हाताला चव आली." मग तो गोळीकडं पाहत राहिला. "हीच? वरीसभर?"

"हीच. डाक्टरनं बदलून दिलेली."

भारत दाराशी गेला. ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली, लांब, शेवटी वळणारी. बाहेर शेळ्यांनी माना वळवल्या. त्यानं पुन्हा एकदा घालून पाहिली, जणू पहिल्या वेळी कुणी फसवलं असावं. त्या रात्री त्यानं कढी खाल्लीही नाही. पण झोपताना भिंतीकडं तोंड करून म्हणाला, त्या भजनी मंडळात मला घेऊन चल.

दवाखान्यात तिघं मिळून गेले. डॉक्टर आधी बानाबाईवर चिडले, चटणीची बरणी पाहून तर कपाळाला हात लावला. मग त्रिंबकला बसवून त्याची नाडी, छाती, सगळं तपासलं. एवढा मान मिळाल्यानं तो फार खूश होता. आणि मग त्यांनी खुर्ची भारतकडं वळवली आणि त्यालाच विचारलं, तुला काय त्रास होतो, काय चालतं, काय चालत नाही. भारत अडखळत, मग नीट बोलला. वर्षभर अर्ध्याच गोळीवर तो बरा होता, हे हिशोबात आल्यावर डॉक्टर स्वतःशीच हसले आणि अर्धीच लिहून दिली. पट्टी त्यांनी भारतच्या हातात ठेवली, आईच्या नाही. झोप उडाली तर वाट न बघता यायचं, आणि महिन्यानं तर यायचंच, असं बजावलं.

परतताना ते छावणीत थांबले. बिभीषण वर्दीला फीत लावत होता. भारत आत गेला आणि बानाबाई पायरीवर बसली. आतलं बोलणं तिला ऐकू येत नव्हतं, फक्त मशीन चालायचं नि थांबायचं. बराच वेळ थांबलं, की ती मान वळवायची, आणि मग मुद्दाम रस्त्याकडं बघायची. एकदा आतून दोघांचं हसणं आलं. कोंबडीबद्दल असणार, असा तिनं अंदाज केला.

सोमवारी भारत निघाला. निघताना त्यानं एकच अट घातली. फोनवर 'घेतली का' असं विचारायचं नाही. बानाबाईनं कबूल केलं, आणि त्यानंतरचे दिवस तिला त्या कढीच्या वर्षापेक्षा जड गेले. फोन यायचा. ती मेंढरांचं विचारायची, कचरूचं विचारायची, गाळात पाय रुततात का विचारायची. एकदा साळूबाईला म्हणाली, माझ्या जिभेवर तो प्रश्न फोडासारखा झालाय. साळूबाईनं तोंड उघडलं, मग मिटलं, मग म्हणाली, "सांगू का?" बानाबाई म्हणाली, नको. आणि साळूबाई चक्क गप्प बसली.

एके दिवशी फोनवर भारत म्हणाला, पीठ संपत आलंय, आबाला घेऊन ये, आणि जेवायलाच ये.

पैठणच्या बाजूनं दोघं उतरले. जिथं पाणी असायचं तिथं भेगाळलेली जमीन, पुढं हिरवा गाळ, आणि लांब कुठंतरी पाण्याची उरलेली चकाकी. मेंढरं त्या हिरव्यात सांडल्यासारखी पसरली होती. भारत काळवंडला होता, अंगानं भरला होता. त्रिंबकनं आल्या आल्या काठी हातात घेतली आणि आज रातची राखण माझी, असं कचरूला सांगून टाकलं. कचरूनं ती खुशीनं दिली.

तीन दगडांवर पिठलं शिजत होतं, भाकऱ्या भारतनंच थापल्या होत्या, नकाशातल्या मुलखांसारख्या वेड्यावाकड्या. बाया मागून जेवतात, म्हणून बानाबाई सवयीनं चुलीकडं सरकली, तर भारत म्हणाला, "तू बस. तुला आधी." आणि तिच्या पुढ्यात भाकरी टाकून वर पिठलं ओतलं.

"आन काय घातलंय त्ये इचारायचं नाय," तो म्हणाला. तोंडावर हसू होतं, पण डोळे तिच्यावर रोखलेले होते.

त्रिंबकनं आपला घास नाकाशी नेऊन हुंगला. बानाबाईनं तसं काही केलं नाही. तिनं मोठा घास मोडला आणि खाल्ला. मीठ दुप्पट पडलं होतं, बेसनाच्या गुठळ्या तशाच होत्या. ती खात राहिली. भारत तिच्याकडं पाहत होता. मग त्याचे खांदे खाली आले आणि तो स्वतःचा घास मोडायला लागला.

जेवण झाल्यावर त्यानं खिशातून पट्टी काढली, गोळी नखानं मधोमध मोडली आणि कॅनमधलं पाणी तोंडात घेतलं. आड गेला नाही, पाठ फिरवली नाही. बानाबाईला बघायचं होतं. अर्धी घेतली की आणखी कमी, नीट गिळली की जिभेखाली ठेवली. तिनं मान तिकडं वळू दिली नाही.

"अजून एक भाकर वाढ," ती म्हणाली.